बायकोच्या पणजोबांचं गाव

स्वीडन कसं आहे, असं अमरावतीत अजूनही कोणी ना कोणी विचारतं. मी सांगतो, स्वच्छ आहे. तेवढ्यावर विषय संपतो.

बाररूममध्ये मात्र मी एक किस्सा बरेच महिने सांगितला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून वकीलसाहेब बायकोला घेऊन युरोपात गेले. बायकोचे पणजोबा स्वीडनचे, त्यांचं घर शोधून काढलं. घरच्यांनी कॉफी दिली, केक दिला, आणि वकीलसाहेबांनी पहिला प्रश्न काय विचारला? जमीन कोणाच्या नावावर आहे! एवढं म्हटलं की टेबलावर हात आपटले जायचे. आमचे एक ज्येष्ठ वकील तर मला पाहिलं की लांबूनच ओरडत, "अबे, तुले स्वर्गात नेलं तं तिथंही सातबारा मागशीन तू!"

तो किस्सा अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा मी सोयीने गाळत आलो. आता तो सांगून टाकतो, कारण ज्यांना सांगायला हवा होता त्यांना सांगून झालं आहे.

माझी वकिली वाटणीच्या दाव्यांची. भाऊ भावावर, पुतण्या काकावर, बहीण सगळ्यांवर. आजोबांची भिक्षुकी होती, वडिलांची वकिली, आणि मीही काळा कोट चढवला. बायको अकोल्याची, शाळेत इंग्रजी शिकवते. कॉलेजच्या दिवसांत अमरावतीतच ओळख झाली, लग्न आम्ही आमच्या मनाने केलं. चारचौघांत ती मला अहो म्हणते, दोघंच असलो की तू.

तिच्या घराची गोष्ट लग्नाआधीच तिने मला सांगितली होती. सातपुड्याच्या डोंगरात एका मिशनचा दवाखाना बांधायला परदेशातून काही माणसं आली होती. त्यातला एक सुतार स्वीडनचा. तेल्हाऱ्याकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी तापाने त्या दवाखान्यात पडली होती, तिच्याशी त्याने लग्न केलं. एकदा मिशनच्या चर्चमध्ये, आणि एकदा तिच्या मामाच्या गावी अक्षता टाकून. त्यांना मुलगा झाला. मुलगा चालायला लागला आणि सुतार आईवडिलांना भेटून येतो म्हणून मायदेशी गेला. तो आलाच नाही. भावाने बहिणीला आणि भाच्याला घरी आणलं, भाच्याला आपलं आडनाव दिलं. तो भाचा म्हणजे माझ्या सासूबाईंचे वडील.

पणजीने मरेपर्यंत कुंकू लावलं. नवरा मेल्याची बातमी नव्हती, म्हणून तो जिवंत. गावातल्या बायका काय काय बोलत, ते सासूबाईंनी लहानपणी स्वतः ऐकलेलं. पणजी गेली तेव्हा सवाष्ण म्हणून न्यायची की नाही, यावरून दारात भांडण झालं. शेवटी भावाने हिरवं लुगडं आणून नेसवायला लावलं. सासूबाईंच्या डोक्यात तेव्हापासून एकच प्रश्न बसला होता: तो मेला, का विसरला?

माझ्या आईचा या लग्नाला विरोध होता. जात हा शब्द ती उच्चारत नसे, 'खोट' म्हणायची. लग्नात तिने सुनेचे कान पाहिले. बायकोच्या कानाच्या पाळ्या लोंबत नाहीत, सरळ गालाला चिकटलेल्या आहेत. आई सगळ्यांच्या देखत म्हणाली, "यात कुडी बसवायची कुठे? कुणाचे कान आहेत कोण जाणे." लोक हसले. मीही थोडा हसलो.

पितृपक्षात आमच्याकडे मोठा स्वयंपाक असे. आई त्याला बायकोचा हात लागू देत नसे. जिचं मूळच ठाऊक नाही तिच्या हातचं पितर जेवणार नाहीत, असं म्हणे. सून पुढच्या खोलीत बसून वह्या तपासायची. मी सोवळं नेसून पाटावर बसलेला असायचो आणि तिथून मला तिची पाठ दिसायची. मी काही बोललो नाही. पुढे आई गेली. त्या वर्षी पक्ष आला तेव्हा बायकोने विचारलं, "आता मी करू का?" मी म्हटलं, "बाई सांगितली आहे स्वयंपाकाला." तिने पुन्हा विचारलं नाही.

हे सगळं आईच्या डोक्यावर टाकून मोकळं होणं मला सोपं आहे. आजवर तेच केलं. खरं असं की त्या खोटेचा मला उपयोग होता. मूळ नसलेल्या घरातली मुलगी मी केली, घरच्यांच्या विरोधात केली, हा माझा मोठेपणा होता. तो मी कधी बोलून दाखवला नाही. पण आमचं भांडण झालं की एका टप्प्यावर मी गप्प बसायचो आणि तिच्याकडे नुसता पाहायचो. काय म्हणायचं आहे ते तिला कळायचं. मग तीही गप्प व्हायची.

घराचा शोध तिने एकटीने लावला. मूळ शोधणाऱ्या लोकांचा एक इंटरनेटवरचा गट आहे, त्यावर तिने पणजोबांचा एकुलता एक फोटो आणि घरात तोंडी चालत आलेलं गावाचं नाव टाकलं. वर्षभर कोणी दखल घेतली नाही. मग त्याच भागातल्या एका निवृत्त मास्तरांचं उत्तर आलं: हा माणूस आम्हाला माहीत आहे, त्याची नात त्याच घरात राहते. त्या रात्री बायको जेवली नाही. मी म्हटलं, "फसवणारे असतात असे." ती म्हणाली, "तुला असंच वाटणार."

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची सहल तिथूनच ठरली. मला केरळ चाललं असतं. तिने टूरवाल्यांचा उत्तर युरोपचा ग्रुप निवडला आणि त्यातून आमच्यापुरती दोन दिवसांची सुटी काढून घेतली. ग्रुपमध्ये परतवाड्याच्या एक काकू होत्या. त्यांना हे कळल्यापासून रोज सकाळी नाश्त्याला त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "काय वहिनी, माहेरी कधी चाल्ल्या? आमचं माहेर बाप्पा गरिबाचं. यष्टीनं जाता येते!" बायको हसायची. मी पावाला लोणी लावत राहायचो. जो तो माझ्या बायकोचे कान आणि डोळे निरखायला लागला होता. एका निवृत्त बँकवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "म्हणजे आता तुम्ही घरजावई का इथले?" तो गंमत करत होता. मी दिवसभर त्याच्याशी बोललो नाही.

निघताना सासूबाईंनी अकोल्याहून एक साडी पाठवली होती, हिरव्या काठाची. सोबत कुरड्या आणि शेवया. "माह्या बहिणीले देजा," म्हणाल्या. न पाहिलेल्या, न बोललेल्या बाईला त्यांनी बहीण करून टाकलं होतं. नातं तसं होतंही. दोघी एकाच माणसाच्या नाती, फक्त आज्या वेगळ्या.

आगगाडीने गेलो. स्टेशनवर मास्तर न्यायला आले होते. उंच, वाकलेले, इंग्रजी सावकाश पण नीट बोलणारे. आधी त्यांनी कबर दाखवायला नेलं. चर्चच्या मागे कापलेलं गवत, रांगेने ठेंगणे दगड, एकेका दगडापुढे छोटासा कंदील. पणजोबांच्या दगडावर नाव आणि दोन सालं, बाकी काही नाही. बायकोने अकोल्याला व्हिडिओ कॉल लावला.

"दिसून राहिलं का आई?"

"दिसते. एवढासाच दगड? आन् फुलं कोनं ठेवले?"

"घरच्यांनीच असतील."

"मेला कधी थो?"

बायकोने साल सांगितलं. पलीकडे सासूबाई बोटांवर काहीतरी मोजू लागल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे आजी मेली तवा थो जिताच होता."

"हो."

"मंग तिचं कुंकू खरं होतं." "आता हे कोनाले सांगू मी? ज्या बोलत होत्या त्या साऱ्या मेल्या." आणि एकदम आवाज चढवून, "पन जिता होता तं आला काहून नाही? पोरगं विसरला का थो? तिले इचार. त्या बाईले इचारल्याबिगर येऊ नोको!"

मास्तरांनी विचारलं, आई काय म्हणतात? बायकोने सांगितलं. ते म्हणाले, "त्याचं उत्तर पणजोबांच्या इथल्या नातीकडे आहे. मला नाही सांगितलं तिने."

घर लाकडी होतं, तांबडं, कोपऱ्यांना पांढऱ्या पट्ट्या. मागे जंगल. दारात चपला काढायच्या होत्या. बायको पटकन वाकून त्या ओळीत लावायला लागली, तशी काठीच्या आधाराने उभी असलेली घरची म्हातारी, पणजोबांची नात, हसली. ऐंशीच्या आसपासची असेल. तिचा मुलगा साठीचा, हात सुतारासारखे, शेती आणि जंगल तोच बघायचा. म्हातारीने बायकोला समोर उभं केलं, तिच्या कानावरचे केस मागे सारले आणि मग स्वतःच्या कानावरचे. पाळ्या तशाच, गालाला चिकटलेल्या. मुलाने त्याचा कान दाखवला. भिंतीवर पणजोबांचा म्हातारपणचा फोटो होता, त्यातही तेच. मास्तर धरून चौघंही मोठ्याने हसले, मी पाचवा. पण माझ्या हसण्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मास्तरांनी विचारलं, "आणि आपण यांचे पती?" मी हो म्हटलं. पुढे त्यांना काही विचारायचं नव्हतं.

साडी म्हातारीने मांडीवर घेतली आणि काठावरून हात फिरवत बसली. दुसरा हात बायकोच्या हातात. कॉफी झाली. मग बायकोने आईचा प्रश्न विचारला. म्हातारी तिच्या भाषेत बोलली आणि मास्तरांनी इंग्रजीत सांगितलं, "आजोबा त्या मुलाबद्दल बोलायचे. शेवटच्या आजारातही बोलले, माझ्याशीच बोलले. काय बोलले ते मी त्या मुलाच्या मुलीला सांगेन, तिच्या तोंडावर. मधल्या माणसाकडे देणार नाही."

बायकोने अकोल्याला फोन लावला. लागला नाही. मेसेज आला, लाइट गेली, आली की लावते. सासूबाई दुपारपासून चांगली साडी नेसून मोबाइलसमोर बसल्या होत्या, हे आम्हाला शेजारणीकडून आधीच कळलं होतं. बायकोने तेही सांगितलं, म्हातारी पुन्हा हसली. थांबू या, म्हणाली.

त्या थांबण्यात मी बोललो.

बायको तिथे बसली होती ती मला ओळखू येत नव्हती. आमच्या घरात ती खुर्चीच्या कडेला बसते. सगळ्यांचं झालं की उठायचं असतं तशी. इथे ती पाठ टेकून बसली होती, एक पाय दुमडून, आणि कोणाच्या तरी आजोबांचा फोटो 'आमचे' म्हणून दाखवत होती. तिला मूळ होतं. भिंतीवर टांगलेलं, मागे जंगल असलेलं. मला वाटलं, आता माझ्याकडे काय राहिलं?

खिडकीतून जंगल दिसत होतं. मी मुलाला विचारलं, हे तुमचंच का? कोणाच्या नावावर आहे? तो म्हणाला, आईच्या आणि माझ्या. मी विचारलं, आजोबांच्या पश्चात वाटणी झाली होती का? हे मात्र सवयीने, शपथेवर सांगतो. माझ्या तोंडात दिवसभर दुसरं काही नसतं. तो हसला, पण अर्धंच. बायको मराठीत म्हणाली, "अहो, इथे नको."

माझी आई कोणासमोर तिला काही बोलायला लागली, आणि ती उत्तर देणार असं दिसलं, की मी तिला हेच म्हणायचो. इथे नको. त्याच पट्टीत.

मग मी पुढचं विचारलं. ते सवयीने नव्हतं. मी कप बशीत ठेवला, चष्मा नीट केला आणि चांगल्या इंग्रजीत म्हणालो, "एक कायद्याची शंका. यांचं भारतातलं लग्न चर्चमध्ये रीतसर लागलेलं होतं. ते इकडे निघून आल्यानंतर ती बायको चाळीसेक वर्षं तिकडे जिवंत होती. मग इथलं दुसरं लग्न कायदेशीर कसं ठरतं? आणि त्या लग्नाची मुलं? म्हणजे आपल्या आईंचे वडील?"

वाक्य मी तिथेच सोडलं. पूर्ण करायची गरज नव्हती. आमच्या घरात 'खोट' हा जो शब्द पंचवीस वर्षं माझ्या बायकोभोवती फिरला, तो मी त्या म्हातारीच्या मांडीवर ठेवला होता, साडीवर.

मास्तरांनी भाषांतर केलं नाही. म्हातारीने मुलाकडे पाहून काहीतरी विचारलं. तो दोनच शब्द बोलला. तिने बायकोच्या हातातून आपला हात काढून घेतला आणि स्वतःच्या दुसऱ्या हातावर ठेवला.

"यासाठी आलात तर," मुलगा म्हणाला.

बायको उभी राहिली. नाही नाही, असं नाही, माझे मिस्टर वकील आहेत, त्यांना सवय आहे, असं काहीतरी बोलत राहिली. तिचं इंग्रजी शाळेतल्या पोरीसारखं अडखळायला लागलं. त्याच वेळी टेबलावरचा फोन थरथरला. अकोल्याची लाइट आली होती. पडद्यावर सासूबाईंचा फोटो, चष्मा लावलेला. फोन वाजत वाजत टेबलाच्या कडेपर्यंत सरकला. कोणी उचलला नाही.

"प्लीज, आता निघा," मुलगा म्हणाला. मास्तरांच्या गाडीत आम्ही बसलो तेव्हा तो मागून आला आणि साडी, कुरड्या, शेवया असं सगळं मागच्या सीटवर ठेवून दार लावून गेला.

स्टेशनवर बायको मला म्हणाली, "सवय! एक कप कॉफी पिईपर्यंत तुला तुझं कोर्ट बाहेर ठेवता आलं नाही!"

"निघून गेलं तोंडातून."

"माझी आई दुपारपासून बसली आहे रे."

"मी काय मुद्दाम केलं का?"

हे मी विचारलं. तिच्या डोळ्यांत बघून विचारलं. उलटतपासणीत साक्षीदाराला विचारतो तसं. ती म्हणाली, "मुद्दाम नसेल. पण झालं ना."

आल्यावर तिने त्या घरी दोनतीनदा लिहिलं. मुलाचं एकदाच उत्तर आलं: जे काही असेल ते वकिलामार्फत कळवावं. तिने ते मला दाखवलं. "घे, तुझ्या कामाचं आहे," म्हणाली.

सासूबाईंना तिने खरं ते सांगितलं, म्हणजे तिला जेवढं खरं माहीत होतं तेवढं. त्यांनी मला माफ केलं. इथे खरा घोळ झाला. मी अकोल्याला गेलो की त्या चहाचा कप माझ्या हातात देऊन म्हणायच्या, "असू द्या जवाईबापू, मानसाचा सोभाव रायते." आणि लेकीवर घसरायच्या. "तुले बोलता आलं नाही. एवढी इंग्रजी शिकवतं पोट्ट्यायले, आन् दोन शब्द सांगता नाही आले तुले? फोन तरी उचलाचा होता!" लेक म्हणायची, "कसा उचलणार होते आई?" "हातानं!" प्रत्येक खेपेला हेच. हळूहळू बायकोने अकोल्याला जाणं कमी केलं. फोनवरही दोघी औषधांपलीकडे बोलेनाशा झाल्या. आणि मी बाररूममध्ये किस्सा सांगत होतो.

एकदा सासूबाईंच्या गुडघ्याच्या डॉक्टरसाठी आम्ही गाडीने निघालो होतो. गाडी बायको चालवते, माझी नजर अधू झाल्यापासून. मूर्तिजापूरच्या अलीकडे ती म्हणाली, "आज तिने पुन्हा ते काढलं तर मी उठून जाईन हां. तू बस तिच्यापाशी. तुझ्यावर प्रेम आहे तिचं."

मी म्हटलं, "ते सवयीने नव्हतं."

"काय?"

"जमिनीचं होतं सवयीने. लग्नाचं मी मुद्दाम विचारलं."

तिने गाडी थांबवली नाही. वेगही कमी केला नाही. समोर कापसाने भरलेला ट्रक होता, त्याच्या मागे मागे ती बराच वेळ राहिली, ओव्हरटेक न करता. मला वाटलं, का म्हणून विचारेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"मला नको सांगू," ती म्हणाली. "आईसमोर सांग."

सासूबाई पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. मी खुर्ची ओढली आणि सांगितलं. आधी त्या ऐकेचनात. "जाऊ द्या हो जवाईबापू, कायले मनाले लावून घेता." मी म्हटलं, "मुद्दाम बोललो आई. त्यांनी आम्हाला हाकलावं म्हणूनच बोललो."

"काहून?"

तयार ठेवलेलं उत्तर त्या एका शब्दापुढे चालेना. मी म्हणालो, "ही तिथे त्यांच्यातली वाटत होती. मला बघवलं नाही."

त्यांनी पाय खाली घेतले. "माह्या पोरीले तिथं बसाले जागा भेटली, थे तुले देखवलं नाही." आजवर त्यांनी मला एकेरी हाक मारली नव्हती. "तुही माय वाईट होती. पन तिनं केलं थे तोंडावर केलं. मी तिले तोंडावर बोलत तं होती. तू तं माह्या घरचा चहा पेत होता बे. इतके दिवस. मी पोरीले शिव्या देत होती आन् तू बिस्किट बुडवून खात होता."

मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "मान काय घालतं? फोन लाव."

"कोणाला?"

"त्याईले. आन् मले सांगतलं थे त्याईले सांग. माह्यासमोर."

बायकोने नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. मुलानेच उचलला. मी कोण ते सांगितलं. मग मी इंग्रजीत सगळं सांगितलं: आम्हाला जमीन नको होती, आजही नको आहे, माझ्या बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं, तुमच्या आईला लागावं अशाच हेतूने मी बोललो, आणि का बोललो. कोर्टात मी कधी इतकं सरळ बोललेलो नाही. सासूबाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या आणि मधेमधे लेकीला विचारत होत्या, "बरोबर सांगून राहिला का थो?" बायको नुसती मान हलवायची.

तो म्हणाला, "त्या दिवसापासून आईने तिची खुर्ची फिरवून घेतली आहे. फोटोकडे पाठ करून बसते. ज्या आजोबांनी तिला वाढवलं त्यांच्याकडे." मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, तुमचं सॉरी मी तिला नेऊन देणार नाही. पण विचारतो तिला. ती बोलणार असेल तर त्या बाईंशी बोलेल. तुम्ही तिथे असाल तर नाही.

थोड्या वेळाने उलट फोन आला. बायकोने उचलला, ऐकलं, आणि आईला म्हणाली, "येतात त्या फोनवर."

सासूबाईंनी पदर सारखा केला. मग मला म्हणाल्या, "तू बाहेर बस."

मी बाहेर ओट्यावर बसलो. आतून कडी लागली. शेजारचे एक गृहस्थ गाडी पुसत होते, म्हणाले, "काय वकीलसाहेब, बाहेर काढलं का?" मी म्हटलं, गरम होतं आत. आतून सासूबाईंचा आवाज येत होता. माणूस लांब आहे म्हणून मोठ्याने बोलावं लागतं, असा त्यांचा समज आहे. "मी अकोल्यावरून बोलून राहिली! तुह्या आजोबाची नात!" मग बायकोचा आवाज, तुकड्यातुकड्याने, भाषांतराचा. मग सासूबाई, "काय म्हने? पुना सांग, काय म्हने थे?" बायकोने सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. पुढचं मला ऐकू आलं नाही. मी उठून दारापाशी गेलो होतो, हेही लिहून टाकतो. कान लावला होता. शेजारी गाडी पुसायचे थांबून माझ्याकडे पाहत होते, म्हणून परत येऊन बसलो.

कडी निघाली तेव्हा दोघींचे डोळे लाल होते आणि दोघी एकमेकींना धरून होत्या. मी विचारलं, "काय म्हणाल्या त्या? पणजोबा काय बोलायचे?"

"माह्या बापाची गोष्ट हाय थे," सासूबाई म्हणाल्या. "तुले काहून सांगू?"

परतीच्या वाटेवर बडनेऱ्यापाशी मी बायकोला एकदा विचारलं. ती म्हणाली, "आईला विचार." सासूबाईंना पुन्हा विचारायची माझी हिंमत झालेली नाही. त्यांच्याकडे मला चहा मिळतो. अहो-जाहो मिळत नाही.

त्या दोघी बहिणी आता दर रविवारी बोलतात, मधे तिकडून मुलगा आणि इकडून माझी बायको. अकोल्याला जाणं झालं नाही तर ती अमरावतीहूनच दोघींना जोडून घेते. फोन आला आणि मी दिवाणखान्यात असलो, तर ती चप्पल घालून जिना चढून गच्चीवर जाते. वरचं दार लागल्याचा आवाज मला खाली ऐकू येतो.